आधी रेंज, मग इंच
टॅब आणि मोबाइल यांच्याविषयीचे आठ गैरसमज

गणपतीला मुंबईहून आलेला पुतण्या बुरोंडीतल्या काकूच्या हातात नवाकोरा टॅब ठेवतो. दहा इंची, चकचकीत, पाठीमागे कव्हर. काकू तो उलटसुलट करून बघते आणि पहिलाच प्रश्न विचारते, "ह्याच्यातनं तुला फोन लागेल ना रे?" पुतण्या जरा थांबतो. टॅब फक्त वाय-फायवर चालणारा आहे आणि घरात वाय-फाय नाही. मग तो आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करून टॅबवर आरती लावून दाखवतो, आणि सगळे खूश होतात. पाचव्या दिवशी गणपती जातात, त्यामागोमाग पुतण्या आणि त्याचा हॉटस्पॉटही जातो. टॅब पडवीतल्या फळीवर जाऊन बसतो.

दापोली तालुक्यातल्या आमच्या किनारपट्टीवर हे चित्र नवं नाही. चूक काकूची नाही, पुतण्याचीही नाही. टॅब म्हणजे काय आणि मोबाइल म्हणजे काय, याबद्दल आपल्या डोक्यात काही पक्क्या समजुती बसल्या आहेत. त्यातल्या आठ इथे तपासून पाहू.

गैरसमज १ : टॅब म्हणजे मोठा मोबाइल

वस्तुस्थिती : दिसायला तसा असला, तरी दोघांचा जन्म वेगळ्या कामासाठी झाला. २००५ साली नोकियानं '७७०' नावाचं एक यंत्र आणलं. त्याला कंपनी 'इंटरनेट टॅब्लेट' म्हणत होती. पडदा जेमतेम ४.१ इंचांचा, म्हणजे आजच्या कुठल्याही मोबाइलपेक्षा लहान. त्यात सिम नव्हतं आणि फोन करायची सोय नव्हती. जगातली सर्वांत मोठी मोबाइल कंपनी मुद्दाम फोन नसलेलं यंत्र विकत होती. इंटरनेट हवं तर वाय-फाय शोधा, नाहीतर खिशातला मोबाइल ब्लूटूथनं जोडा आणि त्याचं नेट वापरा.

दोन वर्षांनी, जानेवारी २००७ मध्ये, ॲपलनं आयफोन दाखवला. साडेतीन इंचांचा पडदा, पण मुळात तो फोन. २०१० साली आला ९.७ इंचांचा आयपॅड. त्याच सुमारास डेलचा पाच इंची 'स्ट्रीक' आणि पुढच्या वर्षी सॅमसंगचा ५.३ इंची 'गॅलॅक्सी नोट' आला, तेव्हा लोक हसले होते की एवढा पाट कानाला कोण लावणार. आज पावणेसात इंचांचा मोबाइल सगळ्यांच्या खिशात आहे आणि त्याला पाट कुणी म्हणत नाही.

म्हणजे ४.१ इंचांचं यंत्र टॅब्लेट होतं आणि ६.७ इंचांचं यंत्र फोन आहे. मग फरक इंचांत कसा असेल? यंत्राला स्वतःची रेंज आहे की ते दुसऱ्याच्या रेंजवर जगतं, इथे खरा फरक आहे. फक्त वाय-फायचा टॅब हा पाहुण्यासारखा, यजमान असेल तर त्याचं चालणार. काकूचा पहिला प्रश्न म्हणूनच सगळ्यांत शहाणा होता.

गैरसमज २ : सिमवाला टॅब घेतला की मोबाइलची गरजच नाही

वस्तुस्थिती : सिम बसतं याचा अर्थ फोन लागतो असा होत नाही. काही अँड्रॉइड टॅबांतून साधा कॉल आणि एसएमएस दोन्ही होतं. काहींत सिम फक्त इंटरनेटपुरतं असतं. आयपॅडमध्ये सिम घातलं तरी मोबाइलसारखा नेहमीचा कॉल त्यातून थेट लावता येत नाही. दुकानात "सिम चालतं का?" एवढंच विचारून थांबू नका. "ह्यातून साधा कॉल लागतो का आणि एसएमएस येतो का?" असे दोन प्रश्न विचारा, आणि जमलं तर आपलं सिम घालून तिथेच एक कॉल लावून बघा.

एसएमएसचा आग्रह कशासाठी? ओटीपी त्यावर येतो म्हणून. यूपीआयचं तर त्याहून कडक आहे. फोनपे, गुगल पे यांसारखं ॲप सुरू करताना ते तुमच्या यंत्रातून एक एसएमएस आपणहून पाठवतं आणि बँकेत नोंदवलेला नंबर खरोखर त्याच यंत्रात आहे का, हे तपासतं. फक्त वाय-फायच्या टॅबवर ही पायरीच ओलांडता येत नाही. व्हॉट्सॲपचं थोडं सैल आहे. एका मोबाइलच्या खात्याला आणखी चार यंत्रं जोडता येतात, त्यात टॅब येतो. मात्र मूळ मोबाइल चौदा दिवस वापरलाच नाही, तर जोडलेली यंत्रं आपोआप सुटतात.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे संकटातला फोन. पोलीस, आग, रुग्णवाहिका यांसाठीचा ११२ असो की समुद्रातल्या शोध-बचावासाठी तटरक्षक दलाचा १५५४ असो, हे नंबर लावायला कॉल करणारं यंत्र लागतं. वाय-फायचा टॅब तिथे केवळ काच आहे.

गैरसमज ३ : नेट नसलं की जीपीएसही बंद

वस्तुस्थिती : जीपीएसचा आणि इंटरनेटचा जन्मजात संबंध नाही. हे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून वेळेचे संकेत पाठवत राहतात. यंत्र ते फक्त ऐकतं आणि कुठल्या उपग्रहाचा संकेत किती उशिरा पोचला यावरून आपली जागा काढतं. टॉवर असेल तर कुठला उपग्रह कुठे आहे ही माहिती नेटवरून पटकन मिळते आणि जागा क्षणात सापडते. टॉवर नसेल तर तीच माहिती उपग्रहांकडून सावकाश घ्यावी लागते. तेव्हा अर्धं मिनिट, कधी काही मिनिटं लागतात, पण जागा सापडते. बंद पडतो तो नकाशा, कारण नकाशाचं चित्र नेटवरून येत असतं. ते आधी उतरवून ठेवलं, तर सड्यावर रेंज नसतानाही वाट दिसते.

इथे टॅबच्या गिऱ्हाइकानं सावध राहावं. फक्त वाय-फायच्या आयपॅडमध्ये जीपीएसच नसतो. आजूबाजूच्या वाय-फायच्या खुणांवरून तो जागेचा अंदाज बांधतो. शहरात हे खपून जातं. बुरोंडीच्या समोर समुद्रात कुणाचं वाय-फाय असणार? अँड्रॉइडच्या वाय-फाय टॅबांपैकी काहींत जीपीएस असतो, काहींत नसतो, त्यामुळे खोक्यावरची यादी वाचल्याशिवाय गृहीत धरू नये.

शेतकऱ्याचंही असंच. राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत पिकाचा फोटो शेतात उभं राहून, जागेच्या नोंदीसह काढावा लागतो. आंब्याची, काजूची कलमं नोंदवायची तर कॅमेरा, जीपीएस आणि नोंदणीचा नंबर ह्या तिन्ही गोष्टी एका हातात हव्यात. ते काम मोबाइलचं आहे.

तांडेलांसाठी एक पुरवणी : जीपीएस चालतो म्हणून मोबाइल हे बोटीवरचं सुरक्षेचं साधन ठरत नाही. किनारा मागे पडला की टॉवर सुटतो आणि १५५४ सुद्धा लागत नाही. तिथे हाक पोचवायला व्हीएचएफ रेडिओच हवा, ज्याचं १६ नंबरचं चॅनल संकटासाठी राखलेलं असतं. मोबाइल तुम्ही कुठे आहात ते तुम्हाला सांगेल, रेडिओ ते दुसऱ्याला सांगेल.

गैरसमज ४ : दहा इंच म्हणजे पावणेसात इंचांच्या दीडपट

वस्तुस्थिती : इंच मोजतात ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, तिरके. डोळ्याला दिसतं ते क्षेत्रफळ. आजच्या साध्या ६.७ इंची मोबाइलचा पडदा साधारण ७ सेंमी रुंद आणि १५.५ सेंमी उंच असतो. १०.१ इंची टॅबचा साधारण १३.६ सेंमी रुंद आणि २१.७ सेंमी लांब. गुणाकार केला तर मोबाइल १०८ चौरस सेंमी, टॅब २९५. म्हणजे दीडपट नव्हे, जवळजवळ पावणेतीनपट. व्हिडिओ लावला तर फरक आणखी वाढतो, कारण मोबाइल उंच आणि चिंचोळा असतो, व्हिडिओच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात. प्रत्यक्ष चित्र टॅबवर सुमारे तिप्पट दिसतं.

याचा कोकणातला खरा अर्थ कळायला सातबारा उघडून बघावा. ए-फोर कागद २१ सेंमी रुंद असतो. मोबाइल उभा धरला की हा कागद ७ सेंमीत कोंबला जातो, म्हणजे एक तृतीयांश. कागदावर दहा पॉइंटचं अक्षर असेल तर पडद्यावर ते साडेतीन पॉइंटचंही राहत नाही. कोकणातला सामाईक सातबारा म्हणजे आजोबांपासून चुलत नातवांपर्यंत नावांची माळ. प्रत्येक नावापुढे क्षेत्र, आकार, फेरफार क्रमांक, आणि बाजूला 'इतर अधिकार' या रकान्यात बोजा किंवा कुळाची नोंद. मोबाइलवर चिमटीनं मोठं करत गेलात की नाव दिसतं तेव्हा त्याच्यासमोरचा आकडा पडद्याबाहेर जातो. आकड्याकडे सरकलात की तो कुणाचा हे विसरायला होतं. भाऊबंदकी वाढायला आधीच कारणं थोडी आहेत का?

तोच कागद टॅब उभा धरून पाहिला तर मूळच्या ६५ टक्के आकारात पूर्ण मावतो. आणि टॅब आडवा धरलात तर त्याची रुंदी २१.७ सेंमी, कागदाची २१. म्हणजे वरचा अर्धा सातबारा खऱ्याखुऱ्या आकारात, चिमटी न काढता, चष्मा लावून ओळीनं वाचता येतो. कागदपत्रं, पाठ्यपुस्तकाची पीडीएफ, कीर्तनाची पोथी, वहीसारखं लिहिणं यांत टॅबला मोबाइल गाठू शकत नाही, याचं कारण हे साधं भूमितीचं आहे.

एक मात्र लक्षात ठेवा : मोठं म्हणजे रेखीव असं नव्हे. नेहमीच्या १९२० बाय १२०० ठिपक्यांच्या १०.१ इंची टॅबवर एका इंचात सुमारे २२४ ठिपके बसतात. २४०० बाय १०८० च्या ६.७ इंची मोबाइलवर जवळजवळ ३९३. अक्षराची कड मोबाइलवरच जास्त बारीक आणि सुबक असते. टॅब आपण थोडा लांब धरतो म्हणून ते जाणवत नाही.

गैरसमज ५ : टॅबची बॅटरी मोठी, म्हणून तो दुप्पट चालतो

वस्तुस्थिती : मोबाइलची बॅटरी ५,००० एमएएचची आणि टॅबची ८,००० ची धरली, तर वाढ १.६ पट. पडदा वाढला पावणेतीनपट, आणि सर्वांत जास्त वीज खाणारा भाग तोच. सतत व्हिडिओ बघायचा असेल तर मोठ्या आकड्याचा फायदा पडदाच गिळून टाकतो.

मग पडवीतला टॅब चार दिवसांनी उघडला तरी त्यात चार्जिंग कसं असतं? त्याला टॉवर शोधावा लागत नाही म्हणून. मोबाइलचं उलटं आहे. सडा संपून रस्ता समुद्राकडे उतरू लागला की मधे डोंगराची कड येते आणि रेंजचे दांडे कमी होतात. दूरच्या टॉवरपर्यंत आवाज पोचवायला माणूस जसा ओरडतो, तसा मोबाइल आपली ताकद वाढवतो. फोर-जी मोबाइलसाठी ही मर्यादा साधारण ०.२ वॅटची आहे, आणि कमी रेंजमध्ये तो त्या टोकाजवळ जाऊन काम करतो. त्यामुळे दापोलीत संध्याकाळपर्यंत टिकणारी बॅटरी खाली गावात दुपारीच मान टाकते. बॅटरी खराब झाली असं समजून दुकानात पळण्याआधी हे आठवावं. रात्री रेंज नसलेल्या खोलीत झोपताना विमान मोड लावला तर सकाळी फरक दिसतो.

हॉटस्पॉट लावला, तर दुहेरी मार. टॅबचं नेट मोबाइलच्या पॅकमधून कापलं जातं, आणि बॅटरीही मोबाइलचीच जाते. शिवाय मोठा पडदा दिसला की ॲप आपणहून जास्त स्पष्ट चित्र मागवतं. नेटफ्लिक्सच्या हिशेबानं साध्या दर्जाच्या चित्राला तासाला १ जीबीपर्यंत लागतात, एचडीला ३ जीबीपर्यंत. दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल तर एचडी सिनेमा अर्ध्या तासात संपतो, म्हणजे सिनेमा नव्हे, पॅक. व्हिडिओचा दर्जा हातानं कमी करून ठेवणं हा यावरचा सोपा उपाय.

गैरसमज ६ : अभ्यासालाच हवाय, मग सगळ्यांत स्वस्त टॅब चालेल

वस्तुस्थिती : हा प्रयोग देशानं करून पाहिला आहे. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत 'आकाश' टॅब्लेट जाहीर झाला. सात इंचांचा, सरकारला सव्वादोन हजारांच्या आसपास पडणारा. पण त्याचा प्रोसेसर ३६६ मेगाहर्ट्झचा, रॅम २५६ एमबी, आणि पडदा दाब देऊन चालणारा. बोट टेकवून चालत नसे, दाबावं लागे. तक्रारी आल्या. पुढच्या आवृत्तीचं काम मुंबईच्या आयआयटीकडे गेलं. प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकारानं तिथे शिक्षकांची प्रशिक्षणं आणि ॲपं यांवरही भर दिला गेला. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी 'आकाश २' आला तो १ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम आणि हलक्या स्पर्शानं चालणारा पडदा घेऊन. वर्षभरात पडदा तेवढाच राहिला, आतलं सगळं बदलावं लागलं. धडा त्यातच आहे.

मोबाइललाही तो लागू होतो. राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी २०२१ मध्ये सरकारनं दिलेले मोबाइल परत करून आंदोलन केलं होतं. दोन जीबी रॅमच्या त्या फोनवर पोषणाच्या नोंदींचं काम नीट होत नाही, ही त्यांची एक तक्रार होती. फोन होता, पडदा होता, रेंज असेल तर नेटही होतं. नव्हती ती आत काम करायची जागा.

तेव्हा टॅब घेताना इंच शेवटी बघा. आधी रॅम, मग अँड्रॉइडची आवृत्ती किती नवी, आणि ती पुढे किती वर्षं सुधारत राहणार. जुन्या आवृत्तीवर बँकेची आणि शिक्षणाची ॲपं एकेक करून चालायची थांबतात.

अभ्यासाला टॅब वाईट असं मात्र नाही. इतर मागासवर्गीय आणि भटक्या-विमुक्त विद्यार्थ्यांना जेईई, नीट, सीईटीच्या तयारीसाठी महाज्योती संस्था टॅब देते, आणि टॅबसोबत इंटरनेट डेटाही देते. रेंजशिवाय इंच देऊन उपयोग नाही, हे तिथे ओळखलेलं दिसतं. २०२० च्या टाळेबंदीत सिंधुदुर्गातली एक विद्यार्थिनी रेंजसाठी डोंगरावर झोपडी बांधून शिकत होती, ते उगीच नव्हे.

गैरसमज ७ : मोबाइलनं डोळे जातात, टॅबनं नाही, आणि टॅबला रेडिएशन नसतं

वस्तुस्थिती : डोळ्याला त्रास होतो तो जवळून, एकटक आणि फार वेळ बघण्याचा. पडद्याकडे बघताना पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. टॅब थोडा लांब धरला जातो हा त्याचा फायदा खरा, पण मूल अंथरुणात पालथं पडून नाक पडद्याला टेकवत असेल तर तो फायदा गेलाच. पडद्याच्या निळ्या उजेडानं डोळा कायमचा बिघडतो याला पुरावा नाही, म्हणून त्यासाठीचा महाग चष्मा घ्यायची घाई करू नका. लहान मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलेली मर्यादा मात्र पाळण्यासारखी आहे : दोन वर्षांखाली पडदा नकोच, दोन ते चार वर्षांत दिवसाला तासाभराहून जास्त नको. आणि मुलं उन्हात, मोकळ्यावर खेळली तर चष्मा लागण्याचा धोका कमी होतो. त्यासाठी बुरोंडीला समोरच किनारा आहे.

रेडिएशनचं म्हणाल तर वाय-फाय, ब्लूटूथ यांच्याही रेडिओलहरीच असतात, त्यामुळे टॅब त्यातून सुटत नाही. फरक एवढाच, की टॅब कानाला लावत नाहीत. भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून मोबाइलसाठी शरीरात शोषल्या जाणाऱ्या ऊर्जेची मर्यादा किलोमागे १.६ वॅट अशी ठरलेली आहे. आपल्या मोबाइलचा आकडा *#०७# दाबून बघता येतो.

गैरसमज ८ : वॉटरप्रूफ घेतला की समुद्राची भीती नाही, आणि भिजला तर तांदळात घाला

वस्तुस्थिती : आयपी६८ सारखे शिक्के गोड्या पाण्यातल्या चाचणीवर मिळतात. खारं पाणी वेगळं. ते सुकलं की मागे मीठ ठेवतं, चार्जिंगच्या भोकात ओल धरतं आणि धातूला गंज आणतं. शिवाय बरेचसे मोबाइल या ना त्या शिक्क्यासह येतात, टॅबांत मात्र शिक्का नसलेलेच जास्त.

आजचा पडदा बोटातली वीज ओळखून चालतो. खारं पाणी वीज चांगलं वाहून नेतं, म्हणून ओल्या पडद्यावर थेंबसुद्धा बोट समजले जातात आणि न दाबता भलतंच उघडतं. मासळी निवडताना हात आधी फडक्याला पुसून मग कॉल घ्यावा, हे शहाणपण तांत्रिकदृष्ट्याही बरोबर आहे.

तांदळाच्या डब्याचा उपाय तर ॲपलनंच २०२४ मध्ये करू नका म्हणून सांगितला. तांदळाचा भुसा आणि बारीक कण भोकात जाऊन नुकसान करू शकतात. मोबाइल बंद करावा, भोक खाली करून हलकेच झटकावा, वारा लागेल अशा ठिकाणी ठेवावा आणि सुकेपर्यंत चार्जिंगला लावू नये. तांदूळ भातासाठी ठेवावेत.

मग घ्यावं काय?

घरात एकच यंत्र परवडत असेल, तर कॉल लागणारा, जीपीएस असलेला, बऱ्या रॅमचा मोबाइल. यात दुमत नको. घरात तो आधीच असेल आणि वाचायचं, शिकायचं, लिहायचं, कागदपत्रं बघायची असतील, तर टॅब. तोही शक्यतो सिमचा, नाहीतर घरात वाय-फाय आल्यावर. आणि कुठलाही घेतला तरी लागणारी पुस्तकं, नकाशे, कागद आधी उतरवून ठेवा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडात खांब आडवे झाले, कित्येक गावं दिवसच्या दिवस विजेविना आणि रेंजविना राहिली. तेव्हा मोबाइल आणि टॅब दोघेही सारखेच मुके झाले होते. आत जे साठवलेलं होतं तेवढंच, आणि चार्जिंग होतं तोवरच.

फळीवरच्या त्या टॅबलाही काम देता येतं. पुढच्या वेळी पुतण्या आला की त्याच्या हॉटस्पॉटवरून घराचा सातबारा, नातवाची पुस्तकं आणि काकूचा हरिपाठ त्यात एकदाच उतरवून घ्यायचा. मग तो मुंबईला गेला तरी टॅब पाहुणा राहत नाही. मुंबईला फोन मात्र काकूनं आपल्या जुन्या मोबाइलवरूनच लावावा.